दोन मोटारी आणि एक नदी

दिवाळीचा पाडवा जवळ आला, की आमच्या कोल्हापुरात फराळाच्या खालोखाल वाहनांची चर्चा चालते. साडेतीन मुहूर्तांपैकी हा मुहूर्त साधून आपल्याही दारात चार चाके उभी राहावीत, असे कोणत्या गृहस्थाला वाटत नाही? पण नवी मोटार परवडत नाही आणि जुनीवर विश्वास बसत नाही, अशी बहुतेकांची गत असते. यंदाचे हे चार शब्द अशा मंडळींसाठी आहेत.

आम्ही कसबा बावड्याचे. आईचे गुडघे आता बसची पायरी चढू देत नाहीत, म्हणून घरात मोटारीचा ठराव मंजूर झाला. निवडीअंती दोन जुन्या गाड्या उरल्या. एक २०१२ सालची होंडा सिटी आणि दुसरी २०१४ सालची मारुती डिझायर. दोन्ही पेट्रोलवर चालणाऱ्या. आणि दोन्ही, विकणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे, 'एका डॉक्टरांच्या, एकहाती वापरलेल्या'. डॉक्टर लोक इतक्या मोटारी विकतात, तर रोगी तपासतात केव्हा, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

कागदावर सिटी सरस ठरत होती. तिचे इंजिन १४९७ सीसीचे, डिझायरचे ११९७ सीसीचे. सिटीची लांबी सुमारे ४.४ मीटर, तर डिझायरची चार मीटरांना पाच मिलिमीटर कमी. हे पाच मिलिमीटर योगायोगाचे नव्हेत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आतल्या, लहान इंजिनाच्या मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली. त्या सवलतीत बसावी म्हणून २०१२ मध्ये डिझायरची शेपटी छाटण्यात आली. साहजिकच तिची डिकी लहान. चिरंजीवांचा आणि त्यांच्या मातोश्रींचा कौल सिटीला पडला. शिवाय सिटी चाळीस हजारांनी स्वस्त! आई मात्र म्हणाली, "थोरली घे की धाकटी घे, मला जोतिबाला नेऊन परत आणणारी घे म्हणजे झालं."

मी आधी नोंदणीचा कागद उघडला. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. म्हणजे सिटीची मुदत २०२७ ला सरणार, डिझायरची २०२९ ला. दोन वर्षांचा हा फरक किमतीतून वजा करूनच स्वस्ताई मोजावी. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्याच उसाचे ते पोर, पण जुन्या गाड्यांची रचना त्यासाठी झालेली नाही. मायलेज थोडे घटते आणि जुन्या रबरी नळ्या व पॅकिंगे यांवर लक्ष ठेवावे लागते. 

पण आमच्या गावात मोटारीला याहून मोठा प्रश्न विचारावा लागतो. पावसाळ्यात बावड्याचा माणूस सकाळी उठून 'किती फूट?' असे विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती पन्नास फुटांच्याही वर गेली. माणसे आणि जनावरे हलवली गेली, पण कित्येक मोटारी जागच्या जागी बुडाल्या. तेव्हा प्रश्न एवढाच : बाई, त्या दोन पुरांत तू कोठे होतीस?

उत्तर काढायला शिवाजी उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री बरोबर घेतले. सिटीच्या चकाकत्या रंगाकडे त्यांनी पाहिलेही नाही. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. टोकाशी मातकट रेघ! मग डिकीतले जादा चाक उचलले. खोबणीत वाळलेला गाळ. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेले, हेडलाइटच्या काचेत आतून दमट डाग. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "सायेब, वरनं धुतल्याली हाय. पर पाणी कुठवर आलतं, ते हितं लिवलंय बघा."

यात होंडाचा काय दोष? बुडाल्यावर कोणतीही गाडी अशीच होते. पाणी ओसरते, पण वायरिंगच्या जोडांत गंज राहतो. आज दिवा बंद, उद्या काच वर जाईना, परवा गाडी ऐन घाटात बंद. आणि पाण्यातच कोणी ती सुरू केली असेल, तर सिलिंडरात शिरलेले पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. जोतिबाच्या चढावर, मागे आई बसलेली असताना, हे मला परवडणारे नव्हते. चाळीस हजारांची स्वस्ताई कोठून आली, ते कळले.

डिझायरचीही तीच उलटतपासणी झाली. बेल्ट स्वच्छ, खोबणी कोरडी. कार्यशाळेच्या नोंदवहीत त्या दोन्ही पुरांनंतरच्या महिन्यांत फक्त तेलबदल. क्लच तेवढा थकलेला. त्याचे पैसे किमतीतून कापून घेतले. डिकी लहान आहे खरी, पण आईची पिशवी आणि घडीची खुर्ची तीत मावते.

वाचकहो, व्यवहार ठरल्यावरही दोन गोष्टी विसरू नका. २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म भरून नाव बदलून घ्या आणि चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवा. न कळवल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही.

मुहूर्त दरवर्षी येतो. मुहूर्त टळेल म्हणून घाईने गाडी घेऊ नये. आधी तिचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. विकणारा सांगायचे विसरतो, नदी मात्र आपली सही ठेवून जाते.