कमरेचं पिस्तूल आणि भिंतीवरची बंदूक

"पिस्तूल घे बे एक. लहानसं. कमरीले खोस, वरून सदरा सोड. कोनाच्या बापाले कयत नाही."

वाशिमच्या बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर आमचा एक दोस्त हे बोलला. बोलायला कारण होतं. आठ दिवसांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीवरून माझ्या चुलतभावाला मारलं होतं. डोक्याला अकरा टाके. गावाचं नाव लिहीत नाही, कारण केस उभी आहे आणि साक्षीदारांना अजून त्याच गावात राहायचं आहे, त्याच दुकानातून मीठमिरची आणायची आहे. फोन केल्यावर दोन तासांनी पोलिसांची गाडी आली. आली ती आधी पाटलाच्या ओट्यापाशी थांबली. तिथं चहा झाला. मग वस्तीत आली.

दोस्ताच्या बोलण्यावर मी हसलो नाही. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. ज्याच्या घरातल्या पोराचं डोकं फुटतं त्याच्या डोक्यात पंचशील आधी येत नाही. आधी हत्यार येतं. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी पुढचं वाचू नये, आपली समरसता घेऊन झोपावं.

तर मी चौकशीला लागलो. काय काय कळलं ते सांगतो, कारण मुंबई-पुण्यातले आपले बरेच दोस्त कमरेला काहीतरी खोसल्यासारखे फोटो काढतात, आणि त्यांना यातलं काडीचं ठाऊक नाही.

*

पहिल्यांदा भाव ऐका. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली बायकांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर काढलं. नाव 'निर्भीक'. पॉइंट बत्तीस बोअर, सहा गोळ्या, वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. किंमत तेव्हा १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. दिल्लीच्या बलात्कारानंतर देश हळहळत होता, त्यावर सरकारी कारखान्याचा हा उतारा. आमच्या जिल्ह्यात सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या बाईने त्या किमतीसाठी किती एकर सोंगावं लागेल, हिशोब तुम्हीच करा. आणि सोंगायला जाताना ती पर्स कुठं अडकवेल तेही सांगा.

पैसे जमले तरी परवाना लागतो. नाहीतर उरतो सातपुड्याकडून येणारा देशी कट्टा, पाच-पंचवीस हजारांचा प्रश्न. तो घेणाऱ्या पोरांना मी ओळखतो. २०१९ मध्ये कायदा बदलला. बिनपरवाना हत्याराला आता किमान दोन वर्षं, वर पाच. तोही कायदा सगळ्यांना सारखाच लागू आहे म्हणतात. लग्नात बंदूक उडवणं त्याच कायद्याने गुन्हा केलं, दोन वर्षांपर्यंत कैद. पण वाड्यावरच्या नवरदेवाने वरातीत बार काढला की ती हौस असते आणि वस्तीतल्या पोराच्या गादीखाली कट्टा सापडला की तो टोळीचा म्होरक्या असतो. एवढं समजायला वकील लागत नाही. कट्टा तुला पाटलापासून वाचवेल की नाही माहीत नाही, पोलिसांच्या तोंडी मात्र नक्की देईल. त्याला तर तेच पाहिजे असतं. तुझ्या भावाच्या डोक्याचे टाके बाजूला पडतात आणि तुझा कट्टा पेपरात येतो.

*

माझा मामा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाला. आता एका बँकेच्या दारात स्वतःच्या परवान्याची बारा बोअरची दुनळी घेऊन उभा राहतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, "भाचे, बंदूक चालोनं चार दिवसांत येते. ठेवनं जलमभर येत नाही." आणि ओळखीतून मला एका शहरातल्या रायफल क्लबच्या रेंजवर घेऊन गेला.

तिथं मी लहान पिस्तूल चालवलं. पॉइंट बत्तीसच. आधी दीड तास नुसते धडे. हत्यार रिकामं आहे असं कधीच धरायचं नाही. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे तोंड करायचं नाही. निशाणा धरेपर्यंत बोट घोड्याच्या बाहेर. मागे काय आहे ते पाहायचं, कारण गोळी माणसापाशी थांबत नाही. मग हातात दिलं. मूठ इतकी लहान की करंगळीला जागा नाही. नळी आखूड, म्हणून पुढच्या-मागच्या माशीत अंतर कमी. हात केसभर हलला की गोळी हातभर सरकते. दहा पावलांवर माणसाएवढा कागद. कोणी अंगावर येत नव्हतं, कोणी आईवरून शिवी देत नव्हतं, कोणी दार तोडत नव्हतं. तरी सहापैकी दोन लागल्या. एक खांद्याला, एक कागदाच्या कोपऱ्याला.

मामा म्हणाला, "हे दिवसा. आता रात्रीचे चाळीस जन धर."

चाळीस जण मी धरले, आणि मला खैरलांजी आठवली. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगेंच्या घरावर गाव चालून आलं. आई, मुलगी, दोन मुलगे मारले. आधीच्या मारहाणीतले आरोपी सुरेखाबाईंनी पोलिसांसमोर ओळखले होते, ते त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि संध्याकाळी झोपडीवर आले. त्या झोपडीत सहा गोळ्यांचं पिस्तूल असतं तर? कितीदा तरी रात्री मी हा प्रश्न स्वतःला विचारलाय. एखादा पडला असता. बाकीचे कदाचित पळाले असते. कदाचित. आणि पळाले नसते तर मेलेल्यांवर खुनाचा गुन्हा लागला असता. आपल्यावर हल्ला एकट्याचा येत नाही, गावाचा येतो. पाणी बंद करून येतो, दळण बंद करून येतो, मजुरी बंद करून येतो. बहिष्कारावर कुठल्या बोअरची गोळी चालते?

आणखी एक सांगतो, जे पिस्तुलाच्या गप्पांत कोणी बोलत नाही. २००६ साली केंद्राने शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात वाशिम होता. आमच्याकडे माणूस कर्जाने पिचला की कोपऱ्यातल्या फवारणीच्या डब्याकडे बघतो. त्या घरात उशीखाली पिस्तूल ठेवून पाहा. शत्रू येईल न येईल, दुष्काळ तर दरसाल येतो. फवारणी प्यालेला माणूस कधी कधी दवाखान्यात पोचतो. गोळीवाला पोचत नाही.

*

म्हणजे हत्यार वाईट, अहिंसा चांगली, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. ते प्रवचन ज्यांच्या भिंतीवर बंदूक आहे त्यांनी आम्हाला देऊ नये.

मामाचं पाहा. तो गावी येतो तेव्हा लोक त्याच्या नावापुढे 'जी' लावतात. त्याच्या बापाला मेल्यावरसुद्धा कोणी 'जी' म्हटलं नव्हतं. दुनळीने हे केलं, मी डोळ्यांनी पाहिलं. पण का केलं? ती खांद्यावर दिसते म्हणून. आणि तिच्यामागे सरकारी शिक्क्याचा कागद आहे म्हणून. परवाना म्हणजे सरकारने लिहून दिलेली कबुली, की या माणसाच्या जिवाला किंमत आहे. सदऱ्याखाली लपवलेल्या पिस्तुलाला यातलं काही नाही. ते कोणाला दिसत नाही म्हणून कोणी थांबत नाही. आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. हजारो वर्षं आपल्याला लपायलाच लावलं, दोस्तहो. सावली लपवा, थुंकी लपवा, जात लपवा. आता हिंमतही लपवायची?

बंदूक आपल्याला नवी नाही. महार पलटणीत होते. १८९० च्या दशकात इंग्रजांनी भरती बंद केली, गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्यासाठी अर्ज लिहिला. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात मशीनगन आहे! देशाच्या सीमेवर मशीनगन चालते, आणि तोच माणूस गावी आला की त्याची वरात वेशीवर अडते.

आणि हत्याराचा कायदा कोणासाठी निघाला? १८७८ मध्ये लिटनने काढला. गोऱ्यांना सूट, नेटिवांना परवाना. परवाना ज्याला द्यायचा तो साहेबाचा विश्वासू, म्हणजे जमीनदार, वतनदार. साहेब गेला, १९५९ चा कायदा आला. त्यातही पीक राखायला तोंडाने भरायची बंदूक मिळण्याची सोय आहे. रोही येतात, रानडुकरं येतात, खरं आहे. पण ज्याला पीकच नाही त्याने काय राखायचं? रोह्यांपासून तुरीला संरक्षण, माणसांपासून माणसाला नाही. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात लिहिलंय, की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. हे कलम आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय?

आता सगळ्यात महत्त्वाचं. अॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम काढा. नियम तीन. जिथं अत्याचार होण्याची भीती आहे ती गावं सरकारने आधी ओळखावीत. तिथल्या दलित-आदिवासी नसलेल्यांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, घरच्या दोस्तांचेसुद्धा, परवाने गरज वाटल्यास रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा हत्यारं जप्त करावीत. आणि जीव-मालमत्तेच्या रक्षणासाठी, गरज वाटल्यास, दलित-आदिवासींना परवाने द्यावेत.

वाचलं? हे कुठल्या माथेफिरू पँथरने लिहिलेलं नाही. भारत सरकारने लिहिलंय. खैरलांजीच्या अकरा वर्षं आधी लिहिलंय.

"गरज वाटल्यास." कोणाला वाटल्यास? १९७४ मध्ये अकोला जिल्ह्यात गवई बंधूंचे डोळे काढले, तेव्हा वाशिम त्याच जिल्ह्यात होता. तेव्हा गरज वाटली का? जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, कचेऱ्या नव्या झाल्या. गरज कोणत्या टेबलावर वाटते ते आपण जाऊन विचारलंय का?

*

आपण पँथर हे नाव ज्यांच्याकडून घेतलं त्यांचंही ऐका. ऑकलंडचे काळे पँथर १९६६ मध्ये कायद्याचं पुस्तक एका हातात आणि भरलेली बंदूक दुसऱ्या हातात, अशी उघड रस्त्यावर आले. तिथला कायदा तेव्हा परवानगी देत होता. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच बदलला, गव्हर्नर रेगनने सही केली. काळ्याच्या हातात बंदूक दिसली की गोऱ्याला बंदूकबंदी सुचते. १९६९ मध्ये शिकागोत फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी घरात घुसून अंथरुणावर मारलं. घरात बंदुका होत्या. उपयोग झाला नाही.

आपल्याकडे १० जानेवारी १९७४ ला मुंबईच्या मोर्चात भागवत जाधव दगडाने मेला. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये जन्मठेप झाली. ती शिक्षा पिस्तुलाने मिळवली नाही. बारा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवली.

महाडला १९२७ मध्ये लोकांना काठ्यांनी झोडपलं तेव्हा आपल्या बाजूला पलटणीतून आलेली माणसं होती. त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी थांबवलं. भिऊन नाही. त्यांना एक दिवसाचा बदला नको होता, तळं पाहिजे होतं. दहा वर्षं खटला लढून १९३७ मध्ये हायकोर्टातून तळं घेतलं.

मला तळं पाहिजे, भाऊ.

म्हणून काय करायचं ते सांगतो. शहरातल्या दोस्तांनो, हे तुमच्यासाठी आहे, कारण टाइप करणं, अर्ज लिहिणं तुम्हाला येतं. माहितीच्या अधिकारात आपापल्या जिल्ह्याला विचारा: हत्यारांचे परवाने किती, कुठल्या गावात किती, पिकाच्या नावाने किती, अनुसूचित जाती-जमातींकडे किती. नियम तीनखाली किती गावं ओळखली. किती परवाने रद्द केले. आपल्याला किती दिले. शून्य असेल तर शून्य लिहून द्या म्हणावं. नियम सतराखाली जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते, तिची तीन महिन्यांतून एकदा बैठक झाली पाहिजे. तो कागद त्या बैठकीत ठेवा. आणि जिथं डोकं फुटलंय त्या वस्तीने एकट्यादुकट्याने नाही, सगळ्या घरांनी मिळून परवान्याचे अर्ज करावेत. लेखी नकार मागावा. नकारावर अपील करावं.

परवाने मिळाले तर? तर मामासारखे दहा म्हातारे निवडू, ज्यांना ठेवणं येतं. उघड खांद्यावर, वेशीवर, दिवसाढवळ्या. मिळाले नाहीत तर वाड्यावरची खाली उतरवा म्हणू. दोन्हीपैकी एक तर करावंच लागेल.

दोस्ताला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "लय टाइम लागते रे याले."

लागतो. मी त्या संध्याकाळी भावाला पाहायला गेलो. टाके काढले होते. त्याला म्हटलं, साक्ष देशील ना? म्हणाला, "देतो ना. काऊन नाही देनार?"

त्याच्या कमरेला काही नव्हतं. पहिला अर्ज त्याच्या नावाने लिहायला बसलोय.

जयभीम.