एका चिनी अक्षराची विटंबना

हल्लीं व्याख्यानपीठांवरून, पदवीदानाच्या भाषणांतून आणि धंद्यांत यश मिळविण्याचा मार्ग दाखविणाऱ्या पुस्तकांतून एक वचन वारंवार कानीं पडतें. चिनी भाषेंत ‘संकट’ या अर्थाचा शब्द दोन अक्षरांचा असून पहिल्याचा अर्थ ‘धोका’ व दुसऱ्याचा ‘संधि’ असा आहे, असें वक्ता सांगतो. श्रोते माना डोलावतात. आणि चीनच्या प्राचीन शहाणपणास सर्वांच्या साक्षीनें वंदन घडतें. या वचनाला पाठबळहि मोठमोठ्यांचें आहे. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांनीं तें १९५९ सालीं इंडियानापोलिस येथील भाषणांत सांगितलें. अल् गोर यांनीं २००७ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना त्याचा पुनरुच्चार केला. इतक्या थोर मुखांतून आलेलें वचन खोटें कसें असेल, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. परंतु तें खोटें आहे. आणि नुसतें खोटें नसून अपायकारकहि आहे, असें आमचें म्हणणें आहे.

तो शब्द ‘वेइजी’. त्यांतील ‘वेइ’विषयीं वाद नाहीं. इ. स. १०० च्या सुमारास शू शेन यानें रचलेल्या ‘श्वोवेन जिएझी’ या कोशांत त्याचा अर्थ ‘उंचावर असून भयभीत होणें’ असा दिला आहे. वाद आहे तो ‘जी’विषयीं. हें अक्षर सोळा रेघांचें. त्याच्या डाव्या अंगास लाकडाचें चिन्ह आहे आणि उजव्या अंगास ‘जी’ असाच उच्चार असलेलें दुसरें अक्षर. डावा भाग वस्तूची जात सुचवितो, उजवा उच्चार सुचवितो. सदर कोशांतील ९,३५३ अक्षरांपैकीं बहुतेक याच घडणीचीं आहेत. तेव्हां प्रत्येक चिनी अक्षर म्हणजे एक चित्र आणि प्रत्येक चित्रांत एक सुभाषित, ही समजूत मुळांतच चुकीची ठरते.

मग ही वस्तु कोणती? कोशकार सांगतो कीं, जी सोडण्याच्या क्रियेचें नियमन करते ती ‘जी’. म्हणजे यंत्रधनुष्याचा बाण जिच्यामुळें सुटतो ती कळ. विणकराच्या मागासहि हेंच अक्षर लावीत. या कळीपासून अर्थाचा वेल पसरत गेला: यंत्र, मोक्याचा क्षण, गुपित, मनांतील हेतु, चलाख बुद्धि. चिनी बौद्धांनीं तर उपदेश ग्रहण करण्याच्या शिष्याच्या पात्रतेसहि ‘जी’ म्हटलें. आज विमान म्हणजे ‘फेइजी’ आणि खिशांतला दूरध्वनि म्हणजे ‘शोउजी’. वक्त्यांच्या न्यायानें पाहिलें तर पहिली ‘उडती संधि’ व दुसरी ‘हातांतली संधि’ म्हणावी लागेल!

अक्षराच्या रूपाची कथा याहून मौजेची आहे. १९५६ च्या लिपिसुधारणेंत चीननें या सोळा रेघांच्या जागीं सहा रेघांचें अक्षर घातलें. तें मूळचें निराळेंच असून एका झाडाचें नांव होतें. जपाननें जुनें रूप कायम ठेविलें. तेथें या सहा रेघांच्या अक्षराचा अर्थ लिहिण्याचें मेज असा होतो. अक्षरें सुटीं करून शहाणपण काढावयाचें असेल, तर चीनमधील आजच्या लेखनांतून जपानी वाचकानें ‘संकट म्हणजे धोका आणि मेज’ असा बोध कां घेऊं नये?

‘जी’ला संधीचा अर्थ कधींच नसतो, असें आम्ही म्हणत नाहीं. ‘हुइ’ म्हणजे भेट. तिच्याशीं जोडून ‘जीहुइ’ झालें कीं संधि हा अर्थ येतो, आणि कांहीं प्रयोगांत एकट्या ‘जी’सहि ती छटा असते. पण ‘वेइजी’मधील ‘जी’ म्हणजे गोष्ट या किंवा त्या बाजूस कलंडण्याचा आणीबाणीचा क्षण. आपल्या मराठींतच पाहा. ‘संधि’ म्हणजे सांधा आणि ‘संधि’ म्हणजे अनुकूल वेळ. म्हणून संधिवातानें कण्हणाऱ्या आजोबांना ‘आपल्या दुखण्यांतच संधि आहे’ असें कोणी सांगेल काय? जो न्याय आपण स्वभाषेस लावणार नाहीं, तो परभाषेस लावण्यास आपली जीभ कचरत नाहीं, याला काय म्हणावें?

यावर कोणी म्हणेल कीं, खुद्द चिनी लोकहि आतां ‘धोक्यांत संधि’ असा श्लेष करतात. करतात खरे, २०२० च्या महामारींतहि तो तेथें ऐकूं आला. पण श्लेष म्हणजे व्युत्पत्ति नव्हे.

आणि हा केवळ पंडितांचा वाद नाहीं. याच ‘जी’पासून चिनींत ‘थौजी’ असा शब्द झाला आहे; त्याचा अर्थ सट्टेबाजी. दुसऱ्याच्या आपत्तींत आपली संधि हेरणाऱ्याचें हेंच खरें नांव. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत धान्य दडवून बसलेल्यांनाहि संकटांत संधि दिसलीच होती. ज्याची नोकरी गेली, ज्याचें पीक बुडालें, त्याला हें वचन ऐकविणारा बहुधा स्वतः सुरक्षित असतो. आणि ऐकणाऱ्याचें दुःख त्याच्याच दृष्टिदोषाच्या खातीं मांडून मोकळा होतो.

पुण्याच्या पु. वि. बापटांनीं ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास १९३७ सालीं प्रसिद्ध केला. पहिला ग्रंथ चिनी भाषांतरांत टिकलेला. म्हणून त्यासाठीं त्यांनीं चिनी भाषेशीं झुंज घेतली. परक्या भाषेचा आदर असा श्रमानें करावयाचा असतो. ज्यांना तेवढी सवड नाहीं त्यांनीं संकटांत धीर अवश्य द्यावा. पण तो आपल्या शब्दांत द्यावा, आणि शक्य तर शब्दांबरोबर हातहि द्यावा. त्यासाठीं बिचाऱ्या चिनी अक्षराला खोटी साक्ष देण्यास उभें करण्याचें कारण नाहीं.