गावाला निघताय? आधी बोनेटखालचं ऐका

गणपती तोंडावर आले. मुंबईहून, ठाण्याहून, पुण्याहून तुम्ही कोकणात निघाल. डिकीत मखर, मागे आई-वडील, मधे दाटीवाटीनं बसलेली पोरं. निघण्याआधी एवढं करा. सकाळी इंजिन गार असताना, मोकळ्या जागेत गाडी सुरू करा. गाणी बंद. एसी बंद. काचा खाली. दोन मिनिटं नुसतं ऐका.

‘आवाज येतोय, पण गाडी चालतेय ना!’ असं म्हणून आपण रेडिओ मोठा करतो. शहरात ते खपून जातं. कशेडी, कुंभार्ली किंवा आंबा घाटात, भरलेल्या गाडीनं चढ घेताना ते खपत नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असतं, तेव्हा त्यातला मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, सेकंदाला ५० वेळा फिरतो. तो आणि त्याचं बेअरिंग यांच्यामध्ये असतो फक्त तेलाचा थर, केसाहूनही पातळ. तेल उतरलं की धातूवर धातू घासतो. मग खालून जड ‘ठक ठक’ येते आणि चढावर भार आला की वाढते. हा आवाज आला की प्रवास विसरा. असं इंजिन कधी सीझ होईल, सांगता येत नाही. आणि ते उतारावर बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक पेडल दगडासारखं घट्ट होतं. मागे आई-वडील बसलेत, हे विसरू नका.

म्हणून आजच तेल बघा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, मग बघा. तेल दोन खुणांच्या मधे हवं. याला मिस्त्री लागत नाही, जुना फडका लागतो.

आता आवाजाचा माग काढा. गाडी उभी असतानाच, न्यूट्रलमध्ये हलकेच रेस करा. रेसबरोबर आवाज वाढला, तर तो बहुधा इंजिनाकडचा. गाडी पळायला लागल्यावरच येत असेल, तर चाकांकडे बघायला सांगा. एसी लावल्यावर सुरू होतो? क्लच दाबल्यावर गायब होतो? हेही मिस्त्रीला सांगा. पावसाळी सकाळी सुरुवातीला किंचाळून थांबतो? तो बहुतेक बेल्ट. वरून बारीक ‘टिक टिक’ असेल तर टॅपेट. गार इंजिन सुरू करताना क्षणभर साखळी खुळखुळल्यासारखी वाटली, तर टायमिंग चेनचं नाव काढा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. गॅरेजच्या दारात गेल्यावर गाडी हमखास गप्प बसते! घरातल्या मुलांनाही विचारा. बारीक, उंच आवाज त्यांचे कान आपल्याआधी टिपतात. मात्र चालू इंजिनावर वाकताना ओढणी, पदर, सैल बाही लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. गरम रेडिएटरचं झाकण तर उघडूच नका.

एक आवाज सगळ्यात फसवा आहे. इंजिनाजवळून ‘फट फट’, ‘फुस फुस’ येते. सायलेन्सरच्या नळीत किंवा गॅस्केटमध्ये गळती असते. धूर गाडीत शिरला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बाहेर पाऊस, काचा बंद, मागे मूल पेंगतंय. तुम्हाला वाटणार, प्रवासानं दमलंय. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर ‘गाडी लागली’ म्हणून सोडून देऊ नका. काचा उघडा, गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, वैद्यकीय मदत घ्या. ही गळती निघण्याआधीच बुजवून घ्या.

आणि वाटेत डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला, तर ‘पुढच्या गावापर्यंत नेतो’ म्हणू नका. कृपा करून नका म्हणू. गाडी सुरक्षितपणे कडेला घ्या, इंजिन लगेच बंद करा, धोक्याचे दिवे लावा. माणसांना रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे जागा असेल तर तिथे उभं करा. अडचण वाटली तर ११२ लावा. आरती उशिरा झाली तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, खर्च. बेल्ट बदलण्याचा खर्च आणि इंजिन खोलण्याचा खर्च, दोन्ही एकदा मिस्त्रीला विचारा. पैसे खरंच कमी असतील, तर ही वारी एसटीनं किंवा रेल्वेनं करा. गाडी दिवाळीपर्यंत थांबेल.

शेजाऱ्याची गाडी खडखडत निघालेली दिसली, तर त्यालाही अडवा. वाईट वाटून घेणार नाही तो. आणि गॅरेजला फोन आजच लावा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिथे रांग असेल, आणि घाईत उघडलेलं बोनेट घाईतच बंद होईल.