‘हिंमत ठेवा’ एवढ्याने भागत नाही

मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडले की भेटायला येणारा प्रत्येक जण ‘हिंमत ठेवा’ म्हणून जातो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. शिवाय पुढे माणूस खचला तर खापर त्याच्याच मनोबलावर फुटते. खरे तर अशा दुखापतीनंतर उमेद टिकते ती अगदी शारीरिक गोष्टींवर. दर चार-सहा तासांनी स्वतः कॅथेटर घालून लघवी काढायची, व्हीलचेअरच्या हातांवर जोर देऊन थोड्या थोड्या वेळाने बूड उचलायचे, रोज आरशात मागची कातडी न्याहाळायची. कारण संवेदनाच नसल्याने तिथली जखम कळत नाही. हे शिकवणारे कुणी भेटले नाही तर बेडसोअर होतो, महिनोन्‌महिने पालथे पडून काढावे लागतात, आणि मग मन खचले तर नवल काय? १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी अशा रुग्णांच्या उपचारांना सुरुवात केली तीही इथूनच. आधी रुग्णांची कूस वेळच्या वेळी बदलणे, जंतुसंसर्ग रोखणे. मग काम आणि खेळ. १९४८ च्या त्यांच्या स्पर्धेत अवघे १६ खेळाडू होते. पॅरालिम्पिक त्यातूनच उभे राहिले.

यावर कुणी मुरलीकांत पेटकरांचे नाव घेईल. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणात सुवर्णपदक मिळवले. त्यांची जिद्द वादातीत आहे. पण तिच्या पाठीशी लष्कराचे उपचार होते. इमारतीच्या परांचीवरून पडलेल्या मजुराच्या पाठीशी कोण असते? दुसरा आक्षेप असा, की माणूस कशालाही सरावतो. त्यासाठी अमेरिकेतल्या १९७८ च्या एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्यातले अपघातग्रस्त लोक अपेक्षेइतके दुःखी नव्हते हे खरे, पण इतरांपेक्षा कमी सुखी होतेच, हे सांगायचे राहून जाते. सरावण्याची ताकद माणसात असते. दोन फुटी संडासाच्या दारातून व्हीलचेअर मात्र तिच्या जोरावर आत जात नाही. आणि खर्चाचे म्हणाल, तर बेडसोअर चिघळल्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा चांगली गादी केव्हाही स्वस्त. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षांची मुदतही कधीच उलटली आहे. तेव्हा निदान जिल्हा रुग्णालयातून घरी सोडताना रुग्णासोबत कॅथेटर द्यावेत, योग्य गादी द्यावी, आणि हे सारे कसे वापरायचे ते दाखवायला, त्याच दुखापतीतून गेलेल्या माणसाची गाठ घालून द्यावी.