आजोबांच्या गाडीचा टेललाइट

विंटेज कारचा विषय निघाला की सगळे बोनेटकडे धावतात. क्रोम, ग्रिल, हॉर्न, झालंच तर लेदरचा वास. फोटोही पुढूनच. पण रात्री साडेदहाला बीकेसीतून सुटून माहीम कॉजवेला लागलेल्या तुमच्यासारख्यांना ती गाडी दिसते मागून. म्हणजे, दिसली तर!

साठीतली फियाट घ्या. मागचे दिवे मुठीएवढे, आत पाच वॅटचा बल्ब, त्यामागचा रिफ्लेक्टर काळवंडलेला. चाळीसच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या तर सहाच व्होल्टच्या. वर डायनॅमोचा स्वभाव असा की सिग्नलला इंजिन आयडलवर आलं की दिवेही मिणमिणायला लागतात. नेमकी गाडी थांबलेली असतानाच! शिवाय लहान आणि जवळजवळ असलेले दिवे आपल्याला लांबचे वाटतात. मागचा एसयूव्हीवाला निवांत असतो. ताशी ६० किलोमीटरला, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या दीड सेकंदात त्याचे २५ मीटर संपलेले असतात.

यात गाडीचा दोष नाही. तिच्या तरुणपणी रस्ते काळोखे होते, वेग कमी होता. काळोखात काजवाही दिसतो, लग्नाच्या मांडवात कसा दिसणार? गंमत म्हणजे तेव्हा आपल्याकडे काळजी उलटी होती. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाइटच्या मधोमध चक्क काळा ठिपका रंगवायचे. दिसण्याचा विचार केला तो टॅक्सीने. टप पिवळा असावा म्हणजे लांबून ओळखू येईल, ही कल्पना काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांची, असं सांगतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, पण तो पिवळा टप आजही डोळ्यांसमोर येतो की नाही?

आता शौकिनांचा लाडका शब्द : ओरिजिनल. २०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर दिला. या गाड्या रोज ऑफिसला न्यायच्या नाहीत; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरत्याच काढायच्या. त्यामुळे दिव्याला हात लावायचा म्हटलं की मालकांच्या पोटात गोळा येतो. पण बॉस, टायर तरी कुठे १९५० सालचे आहेत?

आधी फुकटातलं काम. बल्बचा होल्डर आणि अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासा, लेन्स आतून धुवा. निम्मा उजेड तिथेच अडकलेला असतो. मग त्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडी. लाल काचेमागे लालच घ्या, पांढरा फिका पडतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये अर्थिंग पॉझिटिव्ह असायचं, तेव्हा विकत घेण्याआधी मेकॅनिकला विचारा. इंडिकेटरला एलईडी लावलात तर फ्लॅशरही बदला, नाहीतर तो भलत्याच वेगाने टिकटिकतो. साधा बल्ब पेटायला जो पाव-एक सेकंदाच्या आतबाहेरचा वेळ घेतो, तो एलईडी वाचवतो. पाव सोडा, ०.२ सेकंद धरले तरी साठच्या वेगाला तीन मीटरहून जास्त, म्हणजे जवळजवळ अख्खी मारुती ८००!

दाराच्या खांबातून बाहेर येणारा तो छोटा हात, म्हणजे ट्रॅफिकेटर, दिसतो फार गोड. पण आज तो कळतो कोणाला? बंपरला क्लॅम्पने दोन पिवळे इंडिकेटर आणि दोन लाल रिफ्लेक्टर लावा. भोक पाडायचं नाही, रॅलीच्या सकाळी काढून डिकीत टाकायचे. जुना बल्बही जपून ठेवा, परीक्षकांसाठी.

आणि हे सगळं झालं की रात्री माहीमच्या एखाद्या शांत गल्लीत गाडी उभी करा. मित्राला ब्रेक दाबायला सांगा, इंजिन आयडलवर. तुम्ही मागे चालत जा आणि कितव्या पावलाला दिवा धूसर होतो ते मोजा.