उसन्या उत्तरांचे अर्थशास्त्र

‘कला शाखेच्या मुलांना एवढे गणित कशाला?’ अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमाची चर्चा या प्रश्नापाशी आली की बहुधा तेथेच संपते. विद्यार्थ्यांवर दया केल्याचे समाधान सर्वांना लाभते. वस्तुतः ही दया नव्हे. बौद्धिक परावलंबनाची ती पायाभरणी आहे.

एक साधे उदाहरण घ्यावे. एक लाख रुपयांचे कर्ज दरमहा ९,००० रुपयांच्या १२ हप्त्यांत फेडायचे आहे. वर ८,००० रुपये गेले, म्हणजे व्याज ८ टक्के, असा हिशेब कोणीही मांडील. परंतु मुद्दल दरमहा घटत असते. म्हणून खरा वार्षिक दर साडेचौदा टक्क्यांच्या जवळ जातो. हा दर एका फटक्यात देणारे सोपे सूत्र नाही. अंदाज करावा, पडताळावा, चूक मोजावी, अंदाज सुधारावा आणि चूक नगण्य होईपर्यंत हेच करीत राहावे लागते. या रीतीचे शास्त्रशुद्ध रूप म्हणजे संख्यात्मक पद्धती. एका कर्जाची ही कथा, तर कोट्यवधी कुटुंबांची बचत, कर, महागाई आणि व्याजदर यांना जोडणारी समीकरणे कागदावर कशी सुटणार? त्यासाठी संगणक लागतो आणि संगणकाचे उत्तर कधी विश्वासार्ह, कधी फसवे, हे ओळखणारा अभ्यासकही लागतो.

हे न शिकल्याने काय होते? २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की विकासदर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. युरोप-अमेरिकेत काटकसरीच्या धोरणांचे समर्थन करताना त्याचे दाखले दिले गेले. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून तो हिशेब पुन्हा करून पाहिला. एक्सेलच्या सूत्रातून पाच देश सुटले होते; काही आकडेवारी वगळली होती; भारांकनाची रीतही शंकास्पद होती. त्याने आपल्या प्राध्यापकांसह केलेल्या फेरहिशेबात तीच सरासरी २.२ टक्के निघाली. दिग्गजांना प्रश्न विचारण्याचे बळ त्या विद्यार्थ्याला घोषणांनी दिले नव्हते. स्वतः आकडेमोड करण्याच्या शिक्षणाने दिले होते. पाठ्यपुस्तकातील आकृत्या आणि मार्गदर्शिकेतील तयार उत्तरे घोकणारा आपला पदव्युत्तर विद्यार्थी हे धाडस करू शकेल काय?

प्रश्न दूरच्या देशांचा नाही. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेचे पतधोरण महागाईच्या ४ टक्के उद्दिष्टाशी बांधले गेले. त्यासाठीच्या अंदाजांना आधार देणाऱ्या त्रैमासिक प्रतिमानाच्या उभारणीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तज्ज्ञांचाही सहभाग होता. बाहेरची मदत घेण्यात कमीपणा नाही. परंतु असे प्रतिमान उघडून त्यातील गृहीतके तपासणारे तरुण आपल्या विद्यापीठांतून पुरेसे निघणार नसतील, तर आर्थिक स्वावलंबनावरील व्याख्यानांना अर्थ काय?

परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्यांनीही आत्मपरीक्षण करावे. अंदाज वारंवार सुधारीत उत्तराकडे जाण्याच्या रीतीला भारतीय ग्रहगणितात ‘असकृत्’, म्हणजे पुन्हा पुन्हा करावयाचे कर्म, असे नाव होते. या रीतीचा वारसा सांगायचा आणि तीच रीत वर्गात शिकवायची नाही, हा कोणता अभिमान?

साधनांच्या अभावाची सबब आता टिकत नाही. केनेथ जड यांचा या विषयावरील ग्रंथ १९९८ पासून उपलब्ध आहे. नोबेल विजेते थॉमस सार्जंट आणि जॉन स्टाखुर्स्की यांची पायथॉन भाषेतील पाठमाला विनामूल्य आहे. पायथॉनलाही पैसे पडत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांतील भिंत पाडण्याचे सूत्र स्वीकारले आहे. उरला आहे तो केवळ संकल्पाचा अभाव.

म्हणून एम. ए. अर्थशास्त्राला संख्यात्मक पद्धतींचा विषय अनिवार्य करावा, परीक्षा संगणकापुढे बसवून घ्यावी, आणि प्राध्यापकांच्या प्रशिक्षणापासून आरंभ करावा. प्रारंभी निकाल घसरतील, घसरू द्यावेत. स्वतः हिशेब न करणाऱ्याला दुसऱ्याचा हिशेब मान्य करावाच लागतो. व्यवहारात हे प्रत्येक गृहस्थ जाणतो. विद्यापीठांनी ते केव्हा जाणायचे?