गुणवृक्षक

लांकडी जहाजाची लहान प्रतिकृति करण्याचा नाद कांहीं घरांतील तरुण मंडळींस असतो. सुटीच्या आरंभीं सांगाडा उत्साहानें उभा राहतो, फळ्या बसतात, रंग होतो आणि डोलकाठ्यांपाशीं काम अडतें. मग तें बोडकें तारूं कपाटावर धूळ खात पडतें, व मुलास धरसोड्या म्हणावयास वडील मंडळींस निमित्त मिळतें. आमच्या मतें अशा वेळीं बहुधा चिकाटी कमी पडलेली नसते. क्रम चुकलेला असतो, आणि क्रम शिकवितां येतो.

अमरकोशांत डोलकाठीस ‘गुणवृक्षक’ असें नांव आहे. गुण म्हणजे दोर. दोरांचें झाड तो गुणवृक्षक. काठी खोबणींत घट्ट बसली म्हणजे झालें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तिला खरा आधार चोहोंकडून सारख्या ओढणाऱ्या दोरांचा.

उदाहरणादाखल आपल्या मुंबईंत बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ घेऊं. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनीं ब्रिटिश आरमारासाठीं मलबारी सागाचें बांधलेलें हें तीन डोलकाठ्यांचें लढाऊ जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें. इंग्लंडांत हार्टलपूल येथें तें आजहि तरंगत आहे. त्याच्या सांगाड्याची लांबी सुमारें १५० फूट. एका फुटास अष्टमांश इंच, म्हणजे १:९६ हें प्रमाण धरिलें, तर प्रतिकृति सुमारें १९ इंच भरते.

पहिली अडचण गणिताची. जुन्या कोष्टकांत दोराचें माप घेराचें असतें, व्यासाचें नव्हे. समजा, दोर ९ इंची म्हटला आहे. ९ ला ३.१४ नें भागिलें कीं व्यास पावणेतीन इंचांहून किंचित् अधिक येतो. त्यास ९६ नें भागिलें म्हणजे ०.०३ इंच जाडीचें सूत हवें. घेरासच व्यास समजणाऱ्याचे दोर तिप्पट जाड होतात. सुतास आधीं मेण लावावें. कायमच्या आधारदोरांस डांबर देत, म्हणून ते काळसर. शिडें हलविण्याचे दोर पिंवळट.

आतां क्रम. नाळेवरील पुढें झुकलेली काठी प्रथम पक्की करावी, कारण पुढच्या डोलकाठीचा ताण तिच्यावर येतो. प्रत्येक डोलकाठीचा खालचा खांब आधीं, मग त्यावरील जोड, मग शेंडा. माथ्यावर प्रथम बाजूंचे आधारदोर चढवावे व त्यांवर पुढें ओढणारा ताण. आधारदोरांची एक जोडी उजवीकडे, लगेच दुसरी डावीकडे, अशी आळीपाळी ठेवावी. एक बाजू पुरी करून दुसरीकडे वळावें, तों काठी वांकलेली असते.

आधारदोराचें खालचें टोंक तीन भोकांच्या दोन लांकडी चकत्या व त्यांत ओंवलेली दोरी यांनीं जहाजाच्या कडेस बांधतात. चकत्यांमधील अंतर सर्वत्र सारखें यावें म्हणून तारेचा आंकडा मापाचा करून ठेवावा. मात्र त्या दोरीची शेवटची गांठ सर्व दोर चढेपर्यंत पक्की करूं नये. एक दोर अधिक ताणला कीं समोरचा ताणतो आणि शेजारचा सैल पडतो. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

शेवटीं चढण्याच्या आडव्या दोऱ्या. जहाजावर त्या सुमारें सव्वा फुटावर असतात. येथें तें अंतर ४ मिलिमीटर होतें. मागें रेघा आंखलेला कागद धरून त्या बांधाव्या, व गांठ मारतांना ओढूं नये. नाहीं तर दोन्हीं बाजूंचे आधारदोर मध्येंच आंत येतात. अशा गांठी शेंकडों आहेत. रोज वीस-पंचवीस घातल्या तर हात सुधारतो. एका बैठकींत दोनशें घालूं म्हणणारा कंटाळतो.

तेव्हां घरांतील वडिलांस विनंती एवढीच कीं, दोर अर्धवट लोंबत आहेत म्हणून तें मेज आवरूं नये, आणि ‘अजून झालें नाहीं का?’ असें रोज विचारूं नये. पावसाळी हवेंत सुताचा ताण बदलतो. तेव्हां एखादा कोरडा आठवडा पाहून शेवटच्या गांठी माराव्या.